दाता, पात्र आणि मधला कार्यकर्ता

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा दात्यांचे स्मरण होते, आणि ते उचितच आहे. ज्यांनी जागा दिली, ज्यांनी वर्गणीची पहिली मोठी रक्कम दिली, ज्यांच्या हस्ते पायाभरणी झाली, त्यांची नावे संगमरवरी पाटीवर असतात. परंतु पाटीवर ज्याचे नाव सहसा कोरले जात नाही असाही एक माणूस प्रत्येक संस्थेच्या मुळाशी असतो. तो स्वतः फार मोठा दाता नसतो. त्याच्या खांद्याला पिशवी असते, पिशवीत पावतीपुस्तक असते, आणि आषाढातल्या धो धो पावसातही तो बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानाची पायरी चढत असतो. आजचे हे विवेचन त्या कार्यकर्त्याविषयी आहे.

आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात दानाचा विचार करताना एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. दानाचे फळ केवळ रकमेवर अवलंबून नसते. विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींच्या वैशिष्ट्याने दानाला वैशिष्ट्य येते. यांपैकी द्रव्य सर्वांना दिसते, दाता मंचावर बसलेला असतो आणि पात्र म्हणजे ज्याला मदत पोहोचते तो, तोही डोळ्यांसमोर असतो. उरतो तो विधी. दान कशा रीतीने मागितले गेले, कशा रीतीने घेतले गेले, कोणत्या मार्गाने आणि किती निर्मळपणे ते योग्य ठिकाणी पोहोचले, याचा विधीत समावेश करावा लागेल. सार्वजनिक कार्यात हा विधी सांभाळणारा माणूस म्हणजेच कार्यकर्ता. दाता आणि पात्र यांच्या मधल्या वाटेवर तो चालत असतो. ही वाट मोडली, तर एका टोकाला द्रव्य पडून राहते आणि दुसऱ्या टोकाला गरज तशीच राहते.

मावळच्या भूमीला ही वाट नवीन नाही. नाणे मावळात पाले गावाजवळच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. तेथे ब्राह्मी लिपीतील एक शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी त्याचा अभ्यास केला. लेखाचा आरंभ अरहंतांना केलेल्या नमनाने होतो, आणि इंद्ररक्षित नावाच्या व्यक्तीने लेणे व पाण्याची पोढी खोदविल्याचा त्यात निर्देश आहे. पोढी म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके. अनेक अभ्यासक हा लेख जैन मानतात आणि त्याचा काळ इसवी सनापूर्वीचा धरतात. त्या दृष्टीने महाराष्ट्रातील जैन परंपरेचा हा अतिप्राचीन पुरावा आपल्या घराजवळच्या डोंगरात उभा आहे. एवढ्या छोट्या लेखात पाण्याच्या टाक्याची वेगळी नोंद व्हावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निवाऱ्याइतकीच तहान भागविण्याची सोयही नोंदीला पात्र ठरली होती.

तेथून फार दूर नसलेल्या कार्ल्याच्या बौद्ध चैत्यगृहात तर सामुदायिक दानाचा वस्तुपाठच पाहावयास मिळतो. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केल्याचा लेख तेथे आहे. पण संपूर्ण वास्तूचे श्रेय त्या एका श्रेष्ठीकडे जात नाही. एकेक स्तंभ एकेका दात्याने दिला आहे, आणि धेनुकाकट गावचे अनेक जण त्यांत आहेत. दाराशी एका गंधविक्रेत्याचे नाव येते, तसेच एका सुताराचेही येते. श्रेष्ठीच्या जोडीला सुतार आणि गंधी यांची नावे दगडावर कोरली गेली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी निरनिराळ्या गावांच्या, निरनिराळ्या व्यवसायांच्या माणसांकडे जाऊन कोणीतरी हे कार्य समजावून सांगितले असले पाहिजे. त्या कोणाचे नाव मात्र एकाही स्तंभावर नाही. कार्यकर्त्याची परंपरा ही अशी आहे.

आता या प्राचीन काळातून अलीकडे, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर येऊ. मावळातील तळेगाव दाभाडे हे नाव त्या काळी एका वेगळ्याच कारणाने सर्वतोमुखी झाले. अंताजी दामोदर काळे नावाच्या एका गृहस्थाच्या मनात एक कल्पना आली. देशातील प्रत्येक माणसाने फक्त एक पैसा द्यावा, आणि त्या पैशांतून देशी उद्योगधंद्यांना चालना द्यावी. हाच तो प्रसिद्ध ‘पैसा फंड’. काळे हे धनिक नव्हते, संस्थानिक नव्हते, मोठे पुढारीही नव्हते. त्यांच्याजवळ होती ती एक कल्पना आणि ती लोकांना पुन्हापुन्हा सांगण्याची चिकाटी. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठिंबा दिला, आणि स्वदेशीच्या चळवळीत तिला बळ आले.

एका पैशाची योजना ऐकायला सोपी वाटते, पण तिचा हिशेब मांडून पाहावा. त्या काळी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते, म्हणजे एका रुपयाचे ६४ पैसे. हजार रुपये जमवावयाचे तर ६४,००० माणसांपुढे हात पसरावा लागणार. देशाची लोकसंख्या तीस कोटी धरली आणि प्रत्येकाने खरोखरच एक पैसा दिला, तर ४६,८७,५०० रुपये उभे राहिले असते. तेवढी रक्कम उभी राहिली नाही. तीस कोटी माणसांपर्यंत पोहोचतील एवढे पाय कोणत्याच कार्यकर्त्याजवळ नसतात. एखाद्या व्यवहारी माणसाने तेव्हाही विचारले असेल, की दहा श्रीमंतांकडून हजार-हजार रुपये आणण्याऐवजी ही पायपीट कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर तळेगावात मिळाले. जमलेल्या निधीतून १९०८ मध्ये तेथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी आरंभीच्या काळात त्याची धुरा सांभाळली. बांगडी, दिव्याची चिमणी, बाटली यांसाठी त्या वेळी देश मोठ्या प्रमाणावर परदेशी मालावर अवलंबून होता. स्वदेशीच्या उत्साहात देशात काचेचे कारखाने निघाले, त्यांतील कित्येक थोड्याच काळात बंद पडले. भांडवल संपणे हे एक कारण होते, पण भट्टीपुढे उभा राहून काच फुंकू शकणारा शिकलेला हात नव्हता, हे त्याहून मोठे कारण होते. तळेगावच्या कारखान्याने नेमकी हीच उणीव ओळखली. तो कारखाना होता तशीच ती शाळाही होती. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशातील ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेले. ज्या वर्षी ही भट्टी पेटली त्याच वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ते मंडालेच्या तुरुंगात गेले. सर्वांत मोठा आधार दूर गेला, तरी भट्टी विझली नाही. दहा श्रीमंतांच्या दहा हजारांवर ती उभी असती, तर राजरोषाच्या भीतीने त्यांतील काही हात मागे गेले असते. येथे मात्र आधार असंख्य अज्ञात हातांचा होता, आणि एक पैसा देणाऱ्याला भिवविणे कोणालाही अवघड जाते.

एक पैसा देणारा मनुष्य त्या दिवसापासून ‘आमचा कारखाना’ असे म्हणू लागतो. हा ‘आमचा’ शब्द मिळविण्यासाठीच ती पायपीट असते.

हाच धागा जैन कुळात जन्मलेल्या एका महापुरुषाने पुढे नेला, आणि त्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये त्यांचे काही शिक्षण झाले. पुढे ओगले यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. माल विकता विकता त्यांनी खेड्यातील दारिद्र्य पाहिले, शाळेचे तोंड न पाहिलेली मुले पाहिली. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

वसतिगृह चालवावयाचे म्हणजे रोज दोन वेळा मुलांच्या ताटात अन्न हवे. भाऊरावांजवळ त्यासाठी पैसा नव्हता. त्यांनी गावोगावच्या माउल्यांना सांगितले, की दळणाला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढा. हाच ‘मुष्टिफंड’. रोख पैसा ज्या घरात क्वचितच असे, त्या घरातही जात्यापुढे मूठभर ज्वारी-बाजरी असे. जे घराकडे आहे तेच मागितल्यामुळे कोणाला ‘नाही’ म्हणून मान खाली घालावी लागली नाही. मागणाऱ्याच्या विवेकाचा हा केवढा उत्तम नमुना! देणाऱ्याची शक्ती ओळखून मागावे, म्हणजे देणारा लहान होत नाही आणि दानाला जोर-जुलमाचा डागही लागत नाही.

पण एकदा अशी वेळ आली की मूठही पुरेना. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, आणि अखेरीस सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्रही मुलांच्या पोटासाठी दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. संस्थेचा पुढचा वटवृक्ष त्यांना पाहावयास मिळाला नाही. लोकांकडे मूठभर मागण्याचा अधिकार त्या घराला कशामुळे प्राप्त झाला, हे यावरून स्पष्ट होते. ज्याने स्वतःच्या घरातून आधी काढले, त्याच्या शब्दाला दुसऱ्याच्या दाराशी वजन येते.

अगदी अलीकडच्या काळातील उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्याचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागातील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने त्या वेळी सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले, आणि वाघोली येथे त्यांच्या राहण्या-शिकण्याची व्यवस्था उभी राहिली. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात ब्लँकेट आणि धान्याचे ट्रक सर्वत्रून जातात. मुलाच्या दहावीपर्यंत, बारावीपर्यंत दरवर्षी जूनमध्ये वह्या-पुस्तकांची आठवण ठेवणारा कार्यकर्ता मात्र दुर्मीळ असतो. सेवेची खरी कसोटी वर्तमानपत्रांतील बातम्या थांबल्यानंतर लागते.

या साऱ्या उदाहरणांवरून कार्यकर्त्याच्या अंगी कोणते गुण असावेत, याचा विचार करता येतो.

पहिला गुण म्हणजे मानापमानाचा त्याग. वर्गणी मागावयास जाणाऱ्याचे स्वागत सर्व ठिकाणी सारखे होत नाही. एका दुकानात चहा मिळतो, दुसऱ्यात ‘उद्या या’ असे ऐकावे लागते, तिसऱ्यात ‘मागच्या पैशांचे काय केलेत?’ असा प्रश्न येतो. जो हे सर्व सारख्याच शांतीने ऐकतो, त्याने मान-कषायाशी केलेला सामना एखाद्या तपापेक्षा कमी नाही. एका अर्थाने ‘उद्या या’ म्हणणारा दुकानदारही त्याच्या साधनेला साहाय्यच करीत असतो.

दुसरा गुण म्हणजे हिशेबाची शुचिता. ‘मागच्या पैशांचे काय केलेत?’ हा प्रश्न राग येण्याचा नाही, तो देणाऱ्याचा हक्क आहे. व्यापारी समाजाला वहीचे महत्त्व सांगावयास नको. स्वतःच्या दुकानात पैन् पैचा मेळ घातल्याशिवाय न झोपणारा माणूस संस्थेच्या वहीत सैलपणा खपवून घेईल, तर तो आपल्या संस्कारालाच विसरला असे म्हणावे लागेल. जीवदयेसाठी आलेला रुपया जीवदयेलाच जावा, ज्ञानखात्याचा ज्ञानालाच जावा आणि देवद्रव्याला कोणी हात लावू नये, ही मर्यादा पूर्वजांनी घालून दिली. कार्यकर्त्याच्या पावतीपुस्तकाची प्रत्येक स्थळप्रत जपून ठेवणे हा त्या मर्यादेचाच भाग आहे.

तिसरा गुण म्हणजे दृष्टीचा विस्तार. कार्ल्याच्या स्तंभांवर जसा सुतार आणि गंधी आहे, तशी आपल्या दात्यांच्या यादीत लहान माणसांना जागा आहे काय? बोलीच्या वेळी, चढाव्याच्या वेळी दोन-चार कुटुंबांत स्पर्धा होते आणि उत्साहाने मोठी रक्कम जमते. त्यात वाईट काही नाही. परंतु सभागृहात मागच्या रांगेत बसलेला, लहानशा दुकानाचा मालक अथवा नोकरदार श्रावक त्या वेळी केवळ प्रेक्षक राहतो. उत्सवाच्या खात्यात रक्कम जमते, आणि दिवाबत्ती, पाणी, नोकरांचे पगार, आजारी साधर्मिकाचे औषध हे सर्व ज्यातून चालते ते साधारण खाते मात्र बहुतेक ठिकाणी तुटीत असते. ज्या खर्चाला नाव लागत नाही त्याला दाता मिळत नाही, ही आजच्या अनेक संस्थांची मूक व्यथा आहे. येथेच एका पैशाचा आणि एका मुठीचा धडा उपयोगी पडावा. प्रत्येक घराने दरमहा झेपेल तेवढी, पण न चुकता दिलेली लहान रक्कम साधारण खात्याला जो आधार देईल, तो एका मोठ्या बोलीने वर्षभर टिकणार नाही.

आता काळ पालटला आहे. मोबाईलवरून क्षणात पैसे पोहोचतात, पावतीही मोबाईलवरच येते. ही सोय स्वागतार्हच आहे, आणि त्यामुळे हिशेब अधिक चोख राहू शकतो. पण दाराशी जाणारा कार्यकर्ता केवळ पैसे आणावयास जात नव्हता. कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, कोणाचे दुकान बसले आहे, कोणाच्या मुलीची फी थकली आहे, हे त्याला उंबरठ्यावरच कळत असे. ज्या घराकडे तो वर्गणी मागावयास गेला, त्याच घराला मदतीची गरज आहे हे पाहून त्याने पावतीपुस्तक पिशवीतून बाहेरच काढले नाही, असेही घडत आले आहे. कोणालाही न सांगता रात्री त्या घरी धान्य पोहोचते आणि दाता कोण हे घराला कळत नाही. गुप्तदानाची ही परंपरा अशाच माणसांमुळे जिवंत राहिली. मोबाईलला रक्कम कळते, उंबरठ्यामागची अवस्था कळत नाही. म्हणून पैसे कोणत्याही मार्गाने यावेत, पण माणसाने माणसाच्या दाराशी जाणे थांबता कामा नये.

मुंबई-पुणे मार्गावरील या भागाला सेवेची आणखी एक संधी लाभली आहे. खंडाळ्याचा घाट चढून येणारे साधु-साध्वीजी लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव असा विहार करीत पुढे जातात. वेगाने धावणाऱ्या वाहनांच्या या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात, धुक्यात आणि पावसात त्यांच्यासोबत चालणारे तरुण हे त्याच कार्यकर्त्याचे नवे रूप आहे. तेथे पावती नाही, पाटी नाही, छायाचित्रही नाही. झोप मोडून पाच-सात किलोमीटर सोबत चालणे, एवढेच त्या सेवेचे द्रव्य आहे.

करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचे फळ परंपरेने मानले आहे. दाता करतो, कार्यकर्ता करवितो आणि उर्वरित समाज अनुमोदना करतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने दात्याला श्रीफळ मिळेल, शाल मिळेल. कार्यकर्त्याला त्याची अपेक्षाही नसेल. त्याचा खरा सत्कार वेगळ्या प्रकारे करावयाचा असतो. येत्या वर्षी तो जेव्हा आपल्या दाराशी येईल तेव्हा त्याला ‘उद्या या’ असे न म्हणता आत बोलवावे, झेपेल ते हातावर ठेवावे, मागच्या वर्षीचा हिशेब विचारावा, आणि शक्य झाल्यास घरातील एका तरुणाला त्याच्यासोबत पुढच्या घरापर्यंत पाठवावे. पावतीपुस्तक धरणारा हात आता थकत चालला आहे, ते पुस्तक धरावयास त्याच्याशेजारी दुसरा तरुण हात हवा.

इंद्ररक्षिताची पोढी, अंताजींचा पैसा आणि लक्ष्मीबाईंनी दिलेले मंगळसूत्र यांची किंमत बाजारात कदाचित फार नसेल. पण पन्नास वर्षांनी येथेच शताब्दी साजरी व्हावयाची असेल, तर तिची तयारी अशाच लहान वस्तूंनी करावी लागेल. सर्वांच्या हातून ती घडो, ही शासनदेवांच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.